घोटघोट डॉक्टर

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. पोट धरून, वाकत वाकत माणूस त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायचा अवकाश, बाई विचारायच्या, "तुमच्या घरात बरं कोण आहे?"

नवख्याला याचा राग यायचा. आजारी मी, आणि चौकशी भलत्याचीच. कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारा आमचा शेजारी तर एकदा वैतागून म्हणाला, की बाई, बायको ठणठणीत आहे, तिला आणू का तपासायला? बाईंनी मान वर न करता सांगितले, की तिला राहू दे, काल तिने काय खाल्लं नाही तेवढं विचारून या. तो गेला आणि हसत परत आला. आदल्या दिवशीची, झाकण न ठेवलेली मासळी बायकोला बरी वाटली नव्हती म्हणून तिने सोडली होती, आणि टाकायची कशाला म्हणून याने एकट्याने संपवली होती.

बाईंनी गेल्या महिन्यात दवाखाना बंद केला. गुडघे ऐकत नाहीत म्हणाल्या. पाटी उतरवताना शिडी धरायला मी होतो. तेव्हापासून मनात घोळते आहे की यांच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवे. कुणीतरी म्हणजे ज्याला लिहिता येते असा. तसा कोणी पुढे येईना, आणि सांगण्यासारखे जे आहे ते आमच्याच घरात घडलेले, म्हणून शेवटी मी बसलो. माझा जन्म काचेच्या कारखान्यात भट्टीवर गेला. वाक्य कुठे तडकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

बाई गल्लीत राहायला आल्या तेव्हा तरुण होत्या. बरोबर म्हातारे वडील, बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत बापलेकीचा संसार. दारावर पाटी लागायच्या आधी दाराबाहेर नळ लागला, आणि नळाला दोरीने बांधलेला साबण. आत जायचे तर हात धुऊन. वडील दाराशी स्टुलावर बसून यावर लक्ष ठेवायचे. हात दाखवा, पुढे सरका, दारात गर्दी करू नका, आत जागा आहे. आत जागा कधीच नसायची, पण जन्माची सवय. लोक म्हणायचे, या गाडीला तिकीट नाही, साबण लागतो.

दुसरी त्यांची रीत म्हणजे इंजेक्शन न देण्याची. उलट्या-जुलाब झालेला माणूस बाही वर करूनच खुर्चीत बसायचा. बाई ती खाली करायला सांगायच्या. जीभ बघायच्या, नाडी बघायच्या, कातडी चिमटीत धरून सोडायच्या आणि ती पटकन बसते की तशीच उभी राहते ते बघायच्या. ताप आहे का, संडासातून रक्त पडतं का, लघवी शेवटची कधी झाली, हे विचारायच्या. खाल्लं कधी आणि त्रास सुरू कधी झाला, यावर तर त्यांचा फार भर. मग यात काही वावगे दिसले नाही तर मीठ-साखरेची पुडी हातात द्यायच्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची आणि प्यायची. गटागट नाही, घोट घोट. उलटी झाली तर जरा थांबायचं आणि पुन्हा घोट घोट.

गल्लीला हे पटायला वेळ लागला. डॉक्टरकडे जाऊन पाणीच प्यायचे तर घरचा नळ काय वाईट होता, असे लोक बोलायचे. त्यातूनच कुणीतरी नाव पाडले, घोटघोट डॉक्टर. चेष्टेचे नाव, पण तोंडात बसले. पुढे लहान मुले बाईंना हाकही तशीच मारायला लागली आणि बाई ओ द्यायला लागल्या.

आता कारखान्याचे थोडे सांगावे लागेल. आमच्याकडे औषधाच्या बाटल्या व्हायच्या. बाटली तयार झाली की तिला लगेच बाहेरची हवा लागू देऊन चालत नाही, तडकते. म्हणून ती एका लांबलचक भट्टीत जाते आणि आतल्या आत पुढे सरकत सरकत हळूहळू थंड होते. आम्ही तिला निवायची भट्टी म्हणायचो. अशा दोन भट्ट्या होत्या आणि माझी नोकरी त्यांच्यावरच. काम शिकायला आलेल्याला आमच्याकडे पहिले वाक्य हेच ऐकवायचे, की सावकाश निवते ते टिकते.

यातल्या एका भट्टीला पाठ लावून कारखान्याचे स्वयंपाकघर होते, आणि ते माझी बायको चालवायची. सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा. सकाळच्या पाळीचे जेवण दुपारी, दुसऱ्या पाळीचे संध्याकाळी. भात मात्र सकाळीच एका मोठ्या पातेल्यात शिजायचा. पहिली पाळी जेवून गेली की उरलेला भात पातेल्यासकट भट्टीच्या भिंतीत काढलेल्या कट्ट्यावर चढायचा. तो कट्टा मीच तिला करून दिला होता. आत भट्टी पेटलेली, त्यामुळे कट्ट्याला हात लागला तर चटकाच बसायचा. संध्याकाळी झाकण काढले की भसकन वाफ. दुसऱ्या पाळीला गार अन्न वाढायचे नाही, हा हिचा हट्ट होता. आगीपुढे उभे राहून आलेल्या माणसाच्या ताटात थंडगार भात घालायचा म्हणजे त्याचा अपमान, असे तिला वाटायचे. कित्येक वर्षे हे असेच चालले आणि कुणाचे पोटसुद्धा दुखले नाही.

त्या भाताचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे फुंकणीकाका. तोंडाने फुंकून काच फुगवायच्या काळातले हे कारागीर. गाल अजून रिकाम्या पिशवीसारखे सैल. यंत्रे आल्यावर ते तपासणीच्या टेबलावर बसायचे, बाटली उजेडात धरून तिच्यातले बुडबुडे शोधायचे. घरी कुणी नव्हते. वहिनीचा भात हाच माझा संसार, असे ते उघडपणे सांगायचे आणि दुसऱ्यांदा भात घ्यायला सगळ्यांच्या आधी उठायचे.

सांगायची गोष्ट घडली त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती. दुसरी पाळी असली की मी दुपारी हिच्याबरोबर स्वयंपाकघरातच जेवून कामावर चढायचो, संध्याकाळी नुसता चहा. संध्याकाळची जेवणाची सुट्टी संपून थोडा वेळ झाला असेल, दिवे नुकतेच लागले होते, तेवढ्यात यंत्रावरचा एक जण मळमळतंय म्हणून बाहेर गेला. त्याच्या मागे दुसरा. बघता बघता मोरीकडे रांग लागली आणि रांगेतल्यांना रांगेत उभे राहवेना. वीस-बावीस माणसे भिंतींना टेकून ओकत होती. फुंकणीकाका टेबलाशेजारी खाली बसले ते उठेचनात.

आमच्या सुपरवायझरांना सगळे घाईसाहेब म्हणायचे. त्यांनी घाईघाईने दोन हुकूम सोडले. घोटघोट डॉक्टरांना बोलवा, हा एक. आणि अन्न सगळं फेकून द्या, भांडी घासून टाका, हा दुसरा. पहिल्यासाठी मी त्यांचा आजही आभारी आहे.

बाई पिशवी घेऊन आल्या, मागून त्यांचे वडील. वडिलांनी आल्या आल्या माणसांना एका ओळीत बसवले आणि दार मोकळे केले. बाई सरळ फुंकणीकाकांकडे गेल्या. त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली ती तशीच उभी राहिली. नाडी बघताना बाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला. म्हातारं माणूस आणि लहान मूल फार लवकर सुकतं, यांना घोट पुरायचे नाहीत, असे म्हणून त्यांनी तिथेच सलाईन लावले आणि त्यांना पहिल्या गाडीने हॉस्पिटलात पाठवले.

मग बाकीच्यांना एकेक करून तपासले. ताप कुणालाच नव्हता. रक्त कुणाच्या पडले नव्हते. आमच्याकडे काचेत मिसळायच्या पुड्या असतात, त्यातले काही अन्नात गेले की काय ही सगळ्यांच्या मनातली भीती कुणी बोलत नव्हते. ती बाईंनीच बोलून दाखवली. तोंडाला धातूची चव येते का, घसा जळतो का, असे प्रत्येकाला विचारले. नाही म्हणाले. मग विचारले, की मी एक दिसते की दोन? एखाद्या अन्नाच्या विषाने आधी डोळे बिघडतात, म्हणून हे विचारायचे असते, हे मला नंतर कळले. पॅकिंगमधला एक जण डोळे मिटूनच म्हणाला, की एकच दिसताय, आणि एकच पुरे आहे. तेवढ्या त्रासातही दोघे-तिघे हसले.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ऑफिसातला कुणीतरी, आवाज फारसा खाली न आणता, म्हणाला, की बघा, बनवणारी ठणठणीत आणि तिचा नवराही ठणठणीत. आपल्या ताटात एक आणि आमच्या ताटात एक. हे मी ऐकले आणि हिनेही ऐकले. आत गेली, घासणी घेतली आणि ते मोठे पातेले मोरीकडे ओढायला लागली. त्या घडीला तिला करता येण्यासारखे तेवढेच होते.

बाईंनी तिथूनच हाक मारली. "वहिनी, पातेलं घासू नका."

"घाण आहे ती," ही म्हणाली.

"असू दे. ती घाणच आज तुमच्या बाजूनं बोलणार आहे."

माझ्या बायकोला खरकटे भांडे रात्रभर ठेवायला सांगणे म्हणजे शिक्षाच. पण तिने घासणी खाली ठेवली. बाईंनी उरलेला भात झाकून, वर फडके बांधून बर्फाच्या पेटीत ठेवायला लावला आणि मला त्या पेटीपाशी उभे केले. घाईसाहेब दोनदा आले. पहिल्यांदा म्हणाले, फेकून दे ते. मी पेटीला टेकून राहिलो. दुसऱ्यांदा म्हणाले, बाजूला हो. वरिष्ठाला नाही म्हणण्याची मला कधी छाती झालेली नाही. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारून येतो. आणि गेलोच नाही. तिथेच उभा राहिलो. त्यांना पुढे कुठेतरी घाई होती, ते गेले.

सगळ्यांच्या हातात पाण्याचे पेले आले, बाईंचे वडील ओळीच्या टोकाशी बसून "घोट घोट, घाई कसली, शेवटच्या स्टॉपला अजून वेळ आहे" असे सुनावू लागले, तेव्हा बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. "आज या पाळीत जेवून बरं कोण आहे?"

एकच हात वर झाला, तोही अर्धा. आमच्यातला एक फिटर भाताला शिवायचा नाही. त्याला सगळे भाताचा वैरी म्हणायचे. तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, की बाई, माझा यात काही संबंध नाही, मी आपला रस्सा आणि पाव खाल्ला. बाईंना एवढा आनंद झाला की त्याला वाटले आपल्याला बक्षीसच मिळणार. रस्सा सुटला, बाई म्हणाल्या, पाव सुटला, पाणीही सुटलं. आता मला सांगा, दुपारी जेवलेल्यांत बरं कोण आहे?

मग ही पुढे आली. गुन्हा कबूल करायला यावे तशी.

"मी बरी आहे," ती म्हणाली. "हेही बरे आहेत. पहिली पाळी सगळी बरी आहे."

"काय खाल्लंत?"

"हाच भात. ह्याच पातेल्यातला."

"मग हे मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मी बरी आहे, हेच तर माझ्यावर आलंय, बाई."

बाई तिच्याजवळ गेल्या, पण बोलल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. "वहिनी, तुम्ही बऱ्या आहात म्हणून तर मला वाट सापडली. दुपारी हा भात चांगला होता. म्हणजे तांदूळ चांगला, पाणी चांगलं आणि तुमचा हात चांगला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो कुठे होता, तेवढं मला दाखवा."

ही त्यांना कट्ट्यापाशी घेऊन गेली. बाईंनी कट्ट्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. ही भिंत नेहमी अशीच असते का, त्यांनी विचारले. हिने माझ्याकडे पाहिले. मी सवयीने बोटाची टोके पुढे केली, चटका बसणार या तयारीने. चटका बसला नाही. हात टेकवला तर टेकवूनच राहिला. अंघोळीच्या पाण्याइतकी भिंत कोमट होती.

मग मी सांगितले. बाटल्यांची मागणी घटल्यामुळे दोन दिवसांपूर्वी वरून हुकूम आला होता, आणि स्वयंपाकघराकडच्या भट्टीची आग नुसती विझू नये इतपत ठेवली होती. जाड भिंत निवायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीचा भात वाचला होता. भट्टी मंद झाली की भिंत मंद होणार, हे भट्टीवाल्याला कळते. त्या भिंतीवर भात आहे, हे स्वयंपाकघराला कळते. भिंत एकच, पण या बाजूचे त्या बाजूला कुणी बोलले नव्हते.

ही म्हणाली, की झाकण काढल्यावर वाफ कमी वाटली म्हणून भात पुन्हा चुलीवर चांगला तापवून वाढला. बाई म्हणाल्या, कुणीही तेच केलं असतं. मग त्यांनी आम्हा दोघांना समजेल असे सांगितले. तांदळात एक जंतू असतो, त्याचे बी शिजवूनही मरत नाही. भात कडक गरम ठेवला तर ते झोपून राहते, झटपट गार करून थंडीत ठेवला तरी झोपून राहते. कोमट जागी तासन्‌तास राहिला की ते जागे होते, वाढते आणि भातात विष सोडते. नंतर तापवले तर जंतू मरतात, विष तसेच राहते. विष ताटात तयारच होते, म्हणून माणसे तासा-दोन तासांत ओकायला लागली. पोटात जाऊन वाढणारा जंतू असता तर निम्मा दिवस, कधी दोन दिवसही गेले असते, आणि बहुतेक तापही आला असता.

बहुतेक जण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोटाघोटाने उभे राहिले. बाईंनी त्याच संध्याकाळी आरोग्य खात्याला कळवले, भात आणि उलटीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिकडून उत्तर येईपर्यंत स्वयंपाकघराला कुलूप लागले.

माणसे बरी झाली, माझी बायको झाली नाही. तिने घरची चूलही सोडली. मी चहा करायचो, अंडी उकडायचो. ती दोन घास खायची आणि चुलीकडे तोंड करून बसून राहायची. बोलणे जवळपास बंद. एकदाच म्हणाली, की आता मी कुणाला वाढणार नाही. मी काय समजूत घालणार? भिंतीचा दोष आहे असे म्हणालो तर म्हणाली, भिंतीवर पातेलं चढवलं कुणी. एवढी वर्षे ज्या हाताने माणसांना जेवू घातले, तो हात ती पदराखाली लपवून बसायची. तिला पुन्हा चुलीपाशी उभी बघायला मिळेल की नाही, एवढीच मला काळजी लागली होती.

बाई येऊन गेल्या. दवाखाना आटपून, वडिलांना घेऊन. त्यांनी आजाराचा विषय काढलाच नाही. आपल्या लहानपणचे सांगत बसल्या. घरात सहा भावंडे आणि साखरेचा एक डबा. डब्यातली साखर कमी झाली की आई कुणाला मारायची नाही, ओरडायची नाही. सगळ्यांना जेवायला बसवायची आणि ज्याला भूक नाही त्याच्याकडे बघायची. बरं कोण आहे, हा प्रश्न मी कॉलेजात नाही शिकले, त्या डब्यापाशी शिकले, असे म्हणाल्या. वडील म्हणाले, भूक नसलेली नेहमी हीच असायची. माझी बायको ओठातल्या ओठात हसल्यासारखी झाली.

फुंकणीकाकांना हॉस्पिटलात बरेच दिवस राहावे लागले. मी रोज जायचो. बाईही वेळ काढून त्यांना बघून यायच्या आणि सगळे त्यांना समजावून सांगायच्या. एके दिवशी काका छताकडे बघत म्हणाले, "आपण काचवाले, म्हणून फसलो रे. काच सावकाश निवली तर टिकते. भात सावकाश निवला तर बिघडतो. वहिनीनं आपलंच शिकलेलं भाताला लावलं." मी घरी येऊन हे हिला जसेच्या तसे सांगितले. तिने विचारले, काका जेवले का? बऱ्याच दिवसांनी तिने काही विचारले होते.

प्रयोगशाळेचे उत्तर आले. भातात आणि उलटीत एकच जंतू सापडला होता, बाई म्हणाल्या होत्या तोच. तोवर घाईसाहेबांनी बाहेरच्या एका खानावळवाल्याशी बोलणे सुरू केले होते. बाई कारखान्यात गेल्या. आत काय बोलणे झाले ते मी दाराबाहेरून जेवढे ऐकले तेवढे सांगतो. बाई म्हणाल्या, की नवा माणूस आणाल तर तोही त्याच भिंतीला पातेलं लावेल आणि त्याला काही माहीत नसेल. वहिनींना आता माहीत आहे, आणि त्या हे जन्मात विसरणार नाहीत. असा माणूस हातचा घालवू नका. आणि पुढच्या वेळी भट्टीची आग कमी कराल तेव्हा एक निरोप स्वयंपाकघरात पाठवा. मॅनेजरसाहेब बरे होते. त्यांनी ऐकले.

मी तो कट्टा हातोड्याने फोडला. फोडताना हिने शेजारी उभे राहून विटा गोळा केल्या. भात दोन वेळा, लागेल तेवढाच शिजवायचा, असे ठरले. उरलाच तर पातेल्यात ढीग करून ठेवायचा नाही. पसरट ताटांत पातळ पसरून लवकर गार करायचा आणि थंड पेटीत टाकायचा. ज्याच्या हाताला जखम किंवा गळू आहे, ज्याचे पोट बिघडले आहे, त्याने वाढायला उभे राहायचे नाही. स्वयंपाकघराच्या दारात नळ आला आणि त्याला दोरीने बांधलेला साबण. हे सगळे बाईंनी उभे राहून करून घेतले. पण वाढायला मी उभी राहणार नाही, शिजवून देईन, हे हिचे कायम होते. बाईंनी त्यावर एवढेच सांगितले, की पहिल्या दिवशी मी जेवायला येईन. तुम्ही नाही वाढलंत तर मी उपाशी परत जाईन.

पहिला दिवस उजाडला. सकाळच्या पाळीने आपापल्या हाताने घेऊन थोडे थोडे खाल्ले, बरेचसे भिडेपोटी. संध्याकाळी दुसरी पाळी आली, हात धुतले, कारण दारात बाईंचे वडील स्टूल टाकून बसले होते आणि हात दाखवल्याशिवाय पुढे सरकू देत नव्हते. ताटे घेतली. आणि सगळी रांग पावाकडे वळली. भाताचे पातेले झाकणासकट तसेच. बाई उपाशी जाऊ नयेत म्हणून ही झाऱ्यावर हात ठेवून पातेल्यामागे उभी होती. तिच्याकडे बघणे मला जमेना. भाताचा वैरी मात्र खरोखर वैतागला. म्हणाला, अरे, सगळेच पाव खायला लागलात तर मी काय खाऊ? थोडे हसू उमटले, पण कुणी हलले नाही.

तेवढ्यात दारातून फुंकणीकाका आले. कपडे अंगावर लोंबत होते, गाल आणखी सैल झाले होते. त्यांच्या दंडाला धरून डॉक्टरबाई. दोघांनी नळावर हात धुतले, म्हाताऱ्यांना दाखवले, ताटे उचलली आणि सरळ भातापाशी जाऊन उभे राहिले.

ही घाबरली. "काका, नक्की ना?"

"वहिनी, भिंत गेली," काका म्हणाले. "हात तोच आहे ना? मग वाढा."

तिने झाकण काढले. वाफ तोंडावर आली. झाऱ्यातून चार शिते खाली सांडली, पण तिने काकांच्या ताटात भात वाढला आणि मग बाईंच्या. बाई बसायला गेल्याच नाहीत. सगळी पाळी बघते आहे हे ओळखून त्यांनी उभ्या उभ्याच मोठा घास उचलला आणि तोंडात टाकला.

भात नुकताच उतरलेला. बाईंचे डोळे एकदम मोठे झाले, तोंड उघडे राहिले, हाताने वारा घालत त्या नुसत्या हा-हा करत राहिल्या. गिळवेना आणि टाकवेना. उभ्या कारखान्याला सावकाश प्यायला शिकवलेल्या बाईंची जीभ साफ भाजली होती.

हिने पटकन पाण्याचा पेला पुढे केला. आणि इतके दिवस जिचा आवाज घरात धड ऐकला नव्हता ती माझी बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घोट घोट, डॉक्टर. घोट घोट घ्या."

हसण्याने स्वयंपाकघर दणाणले. बाई पाणी पिता पिता हसत होत्या, वडील स्टुलावर हसत होते, आणि त्या हसण्यातच रांग पावाकडून भाताकडे सरकली. काका दुसऱ्यांदा भात घ्यायला सगळ्यांच्या आधी उठले. ही वाढत राहिली. पातेले संपेपर्यंत वाढत राहिली. मी भट्टीवर परत गेलो, पण त्या पाळीत माझ्याकडून फारसे काम झाले नाही. भिंतीपलीकडून झाऱ्याचा आवाज येत होता, तो ऐकत बसलो.

त्यानंतर तिने कितीतरी वर्षे त्या कारखान्याला जेवू घातले. आता आम्ही दोघेही घरीच असतो. दवाखान्याची पाटी उतरली तरी बाहेरचा नळ आणि दोरीचा साबण बाईंनी राहू दिला आहे. दुपारी ही बाईंसाठी ताट झाकून देते आणि मी ते नेऊन पोचवतो. नळावर हात धुतो, आत जातो. बाई विचारतात, घरात बरं कोण आहे?

दोघेही, मी सांगतो. आणि परत फिरतो. आभार मानायचे म्हणतो, पण ते शब्द माझ्या तोंडून कधी नीट निघालेले नाहीत, म्हणून हे लिहिले.